चौदाव्या रांगेतला पट्टा

खट्‌ आवाज झाला. मैनुद्दीनने पट्टा ओढला. सुटला.

त्याने पुन्हा लावला, पुन्हा ओढला. या वेळी टिकला. आणखी एकदा ओढला, तर सुटला.

चौदाव्या रांगेत त्या जागेवर बसलेले सर्जेराव कंटाळले होते. "इंजिनियरसाहेब, राहू द्या. मी हातानं धरून बसतो. पीएमटीत उभ्यानं जन्म गेला माझा, तिथं कुठं पट्टा हाय?"

मागच्या रांगेतले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "एवढं धूड आकाशात उडवता, आणि बक्कल लागत नाही. छान."

पुण्याहून हैदराबादला निघालेलं विमान गच्च भरलं होतं. विमानात बारीकसारीक काहीतरी बिघडलेलं असतंच. त्यातलं काय चालतं आणि काय नाही, हे आधीच ठरलेलं असतं. वाचायचा दिवा गेला तर चालतं. एखादा पट्टा गेला तरी विमान जातं. मात्र त्या जागेवर माणूस बसवायचा नाही. नवा पट्टा लोहगावच्या विमानतळावर नव्हता, तो मुंबईहून यायचा.

म्हणजे एक जागा कमी. म्हणजे कुणीतरी उतरणार.

प्रवाशांची व्यवस्था बघणारी पद्मजा धावत आली. अशा वेळी उतरायचं ते कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाने, कारण त्याचं तिकीट सवलतीचं. जागा उरली तर बसायचं, कमी पडली तर उठायचं. आज विमानात असं एकच माणूस होतं.

"मैनुद्दीनभाई," ती हळूच म्हणाली, "परत एकदा बघता का? मघाशी लागला होता ना?"

थोडं मागे नसीमबानू बसली होती. मैनुद्दीनची बायको. मांडीवर बांगड्यांचा डबा. संध्याकाळी हैदराबादला तिच्या भाचीचा निकाह होता. बहीण गेल्यावर त्या पोरीला नसीमनेच वाढवलं होतं, आणि बांगड्याही तिनेच भरायच्या होत्या. पुढचं विमान थेट उद्या.

मैनुद्दीनने पट्टा लावला. ओढला. टिकला.

पद्मजाने श्वास सोडला. "झालं की!" सर्जेराव म्हणाले. "चला आता."

मैनुद्दीनचा हात अजून बक्कलावरच होता. तो काढून घेतला असता, तर कुणी काही विचारलं नसतं. त्याने मान वर करून मागे पाहिलं. नसीम त्याच्याकडेच बघत होती.

त्याने पुन्हा ओढला. पट्टा सुटला.

"ही जागा बंद," तो म्हणाला.

पद्मजा काही बोलायच्या आतच नसीम उठून उभी राहिली. सर्जेराव पिशवी सावरत तिच्या जागेपाशी आले आणि अवघडले.

"बाईमाणसाला उठवत्यात व्हय? ताई, तुमचं कुणी वळखीचं नाय का हितं?"

"आहेत ना," नसीम म्हणाली. "पट्टे ओढत बसलेत."

सर्जेरावांनी चमकून पुढे मैनुद्दीनकडे पाहिलं. मग तिच्याकडे. 

"बसा भाऊ," ती म्हणाली. "इथला नीट लागतो."

ती डबा छातीशी धरून शिडीवरून उतरली. मैनुद्दीनने रिकाम्या जागेवर लाल पट्टी आडवी चिकटवली. विमान गेलं.

ड्यूटी संपवून तो बाहेर आला, तेव्हा नसीम स्कूटरशेजारी उभी होती. उन्हं कलली होती.

"पोरीला फोन केलास?"

"केला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, खाला, मग बांगड्या कोण भरणार?"

 त्याने तिची बॅग स्कूटरवर पायापाशी ठेवली, डबा डिकीत ठेवायला हात पुढे केला, पण तिने तो दिला नाही. हातातच राहू दिला. मग त्याने डिकीतलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. खट्‌ आवाज झाला.

तो किल्ली फिरवायला वळला. ती बसली नाही. हनुवटी वर करून तशीच उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "ओढून नाही बघितलात."