गहाणाचं कारण

लेकीच्या लग्नात रोसनिदाने आपलं भातखाचर शेजारच्या सियामसिनारकडे सोन्याच्या बदल्यात गहाण ठेवलं, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघी तिथे मिळून लावणी करायच्या, मिळून मळणी करायच्या आणि बांधावर बसून एकमेकींच्या जावयांची उणीदुणी काढायच्या. यंदा लेकीने पकनबारूहून सोनं पाठवलं आणि रोसनिदाने खाचर सोडवून घेतलं.

सोनं घेताना सियामसिनार फणकारली, "माझं काही चुकलं होतं का गं?"

त्यानंतर दोन महिने ती फिरकलीच नाही. बांधावर एकटीने बसून रोसनिदाच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तीच सियामसिनारच्या दारात गेली. "बाई, ते खाचर परत गहाण ठेवून घे."

परवानगीसाठी दोघी दातुककडे गेल्या. रोसनिदाचे थोरले भाऊ, कुळाचे प्रमुख. ते म्हणाले, "गहाण ठेवायला आपल्यात तसंच कारण लागतं. घरात प्रेत खोळंबलंय? मुलगी लग्नाची राहिलीय? घर गळतंय?"

"गळतंय ना, दादा!" रोसनिदा पटकन म्हणाली.

"बरं. उद्या येऊन बघतो."



त्या संध्याकाळी अख्ख्या गावाने पाहिलं, साठी उलटलेली रोसनिदा छपरावर चढून पत्रा उचकटत होती आणि खाली शिडी धरून सियामसिनार ओरडत होती, "अगं, एवढ्याने काय होतंय? चांगला मोठा काढ!"