चिंधा पहिलवानाचा डाव

“डाव कोनता व्हता, तेवढं सांगा नाना. बाकी बठ्ठं आम्ही पाही लेसूत,” असं म्हणून सरपंच हितेंद्रने माइक मोतीलालच्या हातात दिला.

चोपडा तालुक्यातलं ते अख्खं गाव मांडवात बसलं होतं. डाव्या हाताला धोबीपछाडवाले, उजव्या हाताला ढाकवाले. मधे जायला-यायला वाट सोडली होती, पण दोन वर्षांत इकडचा तिकडे कुणी गेला नव्हता.

मागे चौथऱ्यावर कै. चिंधा पहिलवानाचा पुतळा उभा होता, बिनहातांचा. धुळ्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत चिंधाने शिरपूरकडच्या मोतीलालला अर्ध्या मिनिटात अस्मान दाखवलं, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. त्या अर्ध्या मिनिटाच्या जिवावर गावाने वेशीत कमान उभारली, केळीच्या ट्रकांवर चिंधाचं नाव रंगवलं आणि दरसाल जयंतीला डीजे लावला. तालमीच्या हौदात मात्र ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडली होती. कुस्ती खेळायला वेळ कुणाला होता? पुढे पुतळ्याची टूम निघाली आणि मूर्तिकाराने विचारलं, हात कसे दाखवू? धोबीपछाडीचे हात वेगळे, ढाकेचे वेगळे. कुस्तीचा फोटो कुणाकडेच नव्हता. झालं! गावात दोन पॅनल पडले, दोन गणपती बसू लागले, एक ठरलेलं लग्न मोडलं. ज्यांनी जन्मात लंगोट बांधला नव्हता, ते डावावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागले. शेवटी कुणाला तरी सुचलं, की जो आपटला गेला तो माणूस अजून हयात आहे, आणि गावाचा जावईच आहे.

कारण त्या कुस्तीनंतर दोन महिन्यांत मोतीलालचं लग्न चिंधाच्या बहिणीशी झालं होतं. ती कमलबाई आता पहिल्या रांगेत बसली होती.

खरं काय ते मोतीलालला ठाऊक होतं. डाव पडलाच नव्हता. तेव्हा मुलगी पाहून झाली होती, साखरपुडा तेवढा बाकी होता, आणि पंचांनी नेमकी ही जोड लावली. होणाऱ्या मेहुण्याला हजारो लोकांसमोर आपटायचं आणि मग त्याच्याच दारात नवरदेव म्हणून उभं राहायचं कसं? सलामी झाली, हाताला हात लागला न लागला, तोच मोतीलालने आपणहून पाठ टेकली. धूळ उडाली, ढोल वाजले आणि ज्याला जो डाव आवडत होता तो त्याने पाहिला.

त्यानंतर दर आखाजीच्या सणाला तो बायकोला घेऊन सासुरवाडीला आला, की कुणीतरी विचारायचंच, नाना, पाठीची माती झटकली का? तो हसून घ्यायचा आणि आतल्या आत जळायचा. आता तर पुतळ्यात खालचा गडी म्हणून त्याचंच तोंड बसणार होतं. ऊन असो, पाऊस असो, मेहुण्याच्या खांद्यावरून उलटं लटकायचं, तेही कायमचं. आमचा आजा हरला नव्हता, असं नातवंडांना कधीतरी म्हणता यावं, एवढीच त्याची इच्छा होती. आज माइक हातात होता आणि एका वाक्याचं काम होतं.

“खरं सांगानं तं,” त्याने सुरुवात केली आणि त्याची नजर कमलबाईवर गेली.

ती डोक्यावरचा पदर सावरून, मान ताठ करून भावाच्या पुतळ्याकडे बघत होती. या बाईला माहेरचं आता राहिलं होतं काय? आईबाप गेले, घर पाडून कुणीतरी गाळे काढले, पाच वर्षांपूर्वी भाऊही गेला. भावाची ही एक कुस्ती तेवढी उरली होती. तीही तिच्यापासून काढून घ्यायची? मोतीलालला स्वतःचीच लाज वाटली.

“धोबीपछाड,” तो म्हणाला. “असा पहिलवान मी परत देखा नही.”

डावीकडे फटाक्यांची माळ लागली. उजवीकडचा पुढारी समाधान उठून उभा राहिला. साक्षीदार फोडला आहे, आम्ही शेजारीच ढाकेचा पुतळा उभारू, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. त्या गोंधळात मूर्तिकाराने फूटपट्टी काढून मोतीलालच्या तोंडाचं माप घेतलं.

परतीच्या जीपमध्ये हातेड गाव मागे पडल्यावर कमलबाईने त्याच्याकडे न बघताच विचारलं, “खोटं कसाले सांगं?”

तुला कधीपासून माहीत, असं मोतीलालने विचारलं. पहिल्यापासून, ती म्हणाली. नवरा आपल्या तोंडाने कधी सांगतो, याची ती अठ्ठेचाळीस वर्षं वाट पाहत होती. कुस्तीच्या आदल्या दिवशी तिने भावाला शपथ घातली होती, की होणाऱ्या नवऱ्याची पाठ मातीला लागू देऊ नकोस, तूच पड. चिंधाने शपथ घेतली होती आणि तो पडायच्या तयारीनेच आखाड्यात उतरला होता.

कमलबाई आता पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“भाऊ मरेपर्यंत म्हने,” ती म्हणाली, “पडाले तं मीच जायेल व्हतू, पन मोतीलाल मन्हापेक्षा चपळ निंघना.”