दार वाजवण्याची तालीम

"आम्हाला काही नको, पुढच्या घरी जा," असं म्हणत सॅम्युअलने स्वतःच्याच लेकीच्या तोंडावर दार लावलं. ही तिसरी वेळ होती. सोमवारी शलोमी दीड वर्षासाठी बंगळुरूला निघणार होती, मॉर्मन चर्चची मिशनरी म्हणून, आणि तिथे दिवसभर अनोळखी दारं वाजवायची होती. त्याचीच ही तालीम.

पहिल्या दोन्ही वेळा ती मान खाली घालून जिन्यावर जाऊन बसली होती. पाहुणे आले की मोरीत लपणारी पोर ती. "मला नाही जमणार, पप्पा," ती म्हणाली होती. "पुन्हा वाजव," एवढंच तो म्हणाला होता.

"अहो, पोरीला रडवूनच पाठवणार आहात का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. "काका, आज नको तर नको," बाहेरून शांत, ठाम आवाज आला. "पण घरात कुणी आजारी असेल तर सांगा, मी प्रार्थना करीन."

सॅम्युअलचा ऊर भरून आला. हात कडीवर होता, पण डोळे पुसून होईपर्यंत त्याने लेकीला बाहेरच उभं ठेवलं.