आगाऊ डायरी

"रोज डायरी लिहा. मन हलकं होईल, कामंही उरकतील," असं डॉक्टरांनी सांगितलं आणि निवृत्त हेडक्लार्क पाटणकरांनी सकाळी सातलाच रात्रीपर्यंतची डायरी लिहून टाकली. पाहणीआधी पाहणीचा अहवाल तयार ठेवण्यात सगळी नोकरी गेलेली. सवय अशी सुटते थोडीच!

फरक इतकाच, की इथे तपासणीला बायको, कुमुदताई होत्या. 'टेकडीपर्यंत फिरून आलो' असं लिहिलं की टेकडी गाठावीच लागे. 'माळा आवरला' लिहिलं, की माळ्यावर चढणं आलं. महिन्याभरात रक्तदाब उतरला आणि पाटणकर चक्क शीळ घालू लागले.

"आज मी सांगते ते लिहा," एका सकाळी कुमुदताई म्हणाल्या. "'दिगंबरकडे जाऊन आलो.'"

पाटणकरांचं पेन अडलं. दिगंबर त्यांचा जिवलग मित्र. पण बुद्धिबळात मागे घेतलेल्या एका घोड्यावरून दोन वर्षं अबोला होता.

"आणि त्याने तोंडावर दार लावलं तर?"

"तुम्ही 'जाऊन आलो' एवढंच लिहा. दार त्याच्या डायरीत."

पाटणकरांनी लिहिलं. दिवसभर कुढले आणि संध्याकाळी मित्राच्या दाराची बेल दाबली. दिगंबरने दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून आवाज दिला,

"अगं, वाटीभर तांदूळ जास्त टाक! आलंय एकदाचं शहाणं, आता जेवल्याशिवाय हलायचं नाही!"