शनिवारचा आवाज

गुरुवारी सकाळी सव्वानऊला गाडी कालव्यातून निघाली. क्रेनवाल्यानं ती तशीच ओढत आणून देवळाली प्रवराच्या रस्त्यावर, कानिफनाथच्या गॅरेजसमोर सोडली. ती चालवणारा रविराज रविवारीच सापडला होता, खाली मोरीच्या जाळीपाशी. गाडी निघायला मात्र आवर्तन बंद होऊन कालव्याचं पाणी उतरावं लागलं.

पोलिसांनी 'ताबा सुटला' असं लिहून घेतलं आणि ते गेले.

गॅरेजला लागूनच घर होतं. कानिफनाथची बायको पुष्पावती मधल्या दारात उभी राहून बघत होती. चौदा वर्षांची पांढरी गाडी. दारांतून, बोनटमधून, चाकांतून गढूळ पाणी गळत होतं. मागच्या काचेवर 'आईची कृपा' तसंच होतं.

रविराजची आई, लंकाबाई, क्रेनच्या मागून चालत आली होती. कानिफनाथनं स्टूल पुसून दिलं. ती बसली. पोरगा गेल्यापासून ती रडली नव्हती. बायका त्याच काळजीत होत्या.

"कानिफ, तिथं रस्ता सरळ हाय," ती म्हणाली. "सरळ रस्त्याला ताबा कसा सुटतो?"

त्यानं पुष्पावतीला चहा आणायला हातानं सांगितलं.

"टायर घासल्याची निशानीबी न्हाई म्हनत्यात. म्हंजे त्यानं ब्रेक मारलाच न्हाई."

"काकू, आधी च्या घ्या."

"रविवारी पोरगी बघाय जायचं हुतं. सकाळीच फोन आला, येऊ नका. त्यो जेवाय बसला आन् मी म्हनले, त्यांचं तरी काय चुकलं? तुला काय बघून पोरगी द्यायची कुनी?" लंकाबाईचा आवाज सपाट होता. "अर्धी भाकर ताटात ठिवून उठला. चावी घेतली, गेला. माज्या तोंडानं गेला का त्यो, येवढंच सांग. खोल गाडी. तुला कळंल."

पुष्पावतीनं आणलेला चहाचा कप दारातच खाली ठेवला.

तिला शनिवार आठवला. रविराज गाडी घेऊन आला होता. ब्रेक दाबला की चाक किंचाळायचं. "दादा, पावन्यांच्या दारात गाडी वरडाय नको," तो म्हणाला होता. पुष्पावतीनं त्याला चिडवलं होतं, "गाडी नगं वरडू दे, पन तू तरी जरा तोंड उघड तिथं. न्हाईतर मुका समजत्याल." तो लाजून हसला होता.

कानिफनाथनं जॅक लावला. पुढचं डावं चाक काढलं. लंकाबाई बसली होती तिथून तिला नुसती त्याची पाठ दिसत होती. तो बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मग उठून मागच्या कोपऱ्यात गेला, दुसरा पाना घेऊन आला, पुन्हा वाकला. काहीतरी खडखडलं.

मग त्यानं लंकाबाईपुढं हात पसरला. तळहातावर दोन ब्रेक पॅड होते. झिजून नुसतं लोखंड उरलेलं.

"ह्ये बघा. काय राहिलं न्हाई. लोखंडावर लोखंड घासत हुतं. त्याचाच आवाज हुता."

लंकाबाईनं बोट फिरवलं. बोटाला काळी धूळ लागली.

"शनिवारी त्यो ह्याच्यासाठीच आल्ता ना?"

"व्हय."

"मग?"

"मी म्हनलं, उद्या जाऊन ये, सोमवारी बघू. खोललंबी न्हाई." कानिफनाथ सावकाश बोलत होता. "ब्रेक लागलेच नसत्याल, काकू. मग टायरची निशानी कुठनं उठंल?"

"म्हंजे त्यानं दाबला हुता?"

"दाबला असंल. लई जोर लावला असंल त्यानं."

लंकाबाई उठली. तिनं त्याच्या कानाखाली मारली. मग दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा उचललेला हात तसाच राहिला आणि ती खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. "माज्या बाळाला वाचायचं हुतं रं," ती म्हणत होती, "वाचायचं हुतं त्याला."

शेजारच्या बायका धावत आल्या. दोघींनी धरून तिला रिक्षात बसवलं. रिक्षा हलताना ती ओरडली, "उद्या पोलिसात जाते मी. तुला सोडायची न्हाई."

"जा, काकू," कानिफनाथ म्हणाला.

रस्त्यावर दहाबाराजण उभे होते. एकजण आपली मोटारसायकल गॅरेजमधून काढून घेऊन गेला.

पुष्पावती आतून आली. कानिफनाथ डाव्या बाजूचं काम आटोपून चाक परत बसवत होता.

"मानसाचा जीव गेला तुमच्या आळसानं," ती म्हणाली. "त्याच्या दहाव्याला कंच्या तोंडानं जायचं आपन?"

तो नट आवळत राहिला.

स्टुलावर पॅड पडले होते. तिला ते नजरेसमोर नको होते म्हणून तिनं उचलले. आणि थबकली. गाडीतून अजून पाणी टपकत होतं. पॅड कोरडे होते.

"शनिवारी मी दोनदा जेवाय हाक मारली," ती हळू म्हणाली. "तुमी ह्याच गाडीखाली हुता. आलाच न्हाई."

कानिफनाथनं रस्त्याकडं पाहिलं. आता तिथं कोणी नव्हतं. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"बस."

"मी?"

"बस. मी म्हनलं की मधला ब्रेक दाब."

ती ओल्या सीटवर बसली. पायाखाली गाळ होता. त्यानं जॅकवर अधांतरी असलेलं चाक दोन्ही हातांनी जोरात फिरवलं. चाक गरगरत राहिलं.

"दाब."

तिनं पाय ठेवला. चाक जागच्या जागी थांबलं. कसलाही आवाज झाला नाही.