निम्म्या भाड्याची पाटी

"बंदराच्या मार्गावर लाल गाड्यांनी भाडं निम्मं केलंय!" कंट्रोलर धापा टाकत आगाराच्या ऑफिसात शिरला. "सकाळपासून आपल्या निळ्या गाड्या रिकाम्या पळतायत!"

सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. बसकंपनी त्यांची. सहा मार्गांपैकी बंदराचा एकटाच बाकीच्या पाचांना पोसायचा. तो गेला की महिन्याभरात आगाराला कुलूप. "आपणही निम्मं करा. निम्मं कशाला, पाव करा!"

"थांबा, आई." वेळापत्रक सांभाळणारी सून भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. "इथे भाडं पाडलं तर आपलंच घर जळेल. लालवाल्यांचा जीव कुठे आहे? टेकडीच्या मार्गावर. तिथे एक गाडी सोडू. एकच. निम्म्या भाड्याची पाटी लावून."

"आणि त्या तिसऱ्या कंपनीच्या पिवळ्या गाड्या?" कंट्रोलरने विचारलं.

"त्या बंदर आणि टेकडी, दोन्हीकडे धावतात," सून म्हणाली. " दोन्हीकडे भाडं पडलं तर त्यांचे हाल आपल्याहून वाईट. लालवाल्यांशी भांडायला पिवळेवालेच जातील."

सासूबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की पेन उडालं. "सोड गाडी!"

सर्वांत जुना ड्रायव्हर निघाला, तेव्हा पाटीवरचा रंग ओलाच होता. ऑफिसात कुणाचा पाय जागेवर ठरेना. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. "झुंबड उडालीय, मालकीणबाई! पाय ठेवायला जागा नाही!"

दुपारी कंट्रोलर बंदरावरून फोनवर ओरडला, "काढली! पिवळेवाले भांडून गेले आणि लालवाल्यांनी पाटी काढली! पुन्हा जुनंच भाडं!"

सासूबाई खुर्चीतून उठल्याच. सुनेला त्यांनी मिठी मारली, एरवी कौतुकाचा शब्द तोंडातून निघत नसे, आज म्हणाल्या, "वाघीण आहेस गं तू!" मग त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर.

"जिंकलो रे! ही फेरी संपव, पाटी काढ आणि परत ये."

पलीकडे माणसांचा गलका होता. हसण्याचे आवाज होते.

"येतो, मालकीणबाई. फक्त इथे एक आजी आहेत. एवढं भाडं परवडतं, आता दवाखान्याला चालत जायला नको, म्हणतायत. उद्या गाडी किती वाजता, विचारतायत. काय सांगू?"

सासूबाईंनी वेळापत्रक सांभाळणाऱ्या सुनेकडे पाहिलं.