शपथ पाळली

२००६ साली बोळिंजला भारनियमनात संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या इमारतींची वीज जायची, आमची राहायची. त्यामुळे पलीकडच्या ज्ञानदावहिनी मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी बघायच्या आणि मी सकाळीच सगळं सांगून त्यांचा विरस करायचे. शेवटी त्यांनी मला शपथच घातली.

त्याच संध्याकाळी मालिकेतली सून जिन्यावरून पडली आणि तिच्या पोटातलं बाळ गेलं. सकाळी भाजीवाल्याकडे वहिनी भेटल्या, तरी मी अवाक्षर काढलं नाही. माझं मलाच केवढं कौतुक वाटलं!

दुपारी दार वाजलं. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलेल्या वहिनी दारात उभ्या होत्या.



“आज तरी सांगायचंस गं.”